छोटं सौभद्र : तालमीची वही

१४ जून

ठरलं. यंदाच्या हंगामात मुलांनी मुलांसाठी करायचं ते ‘संगीत सौभद्र’, सुभद्रा-अर्जुनाच्या लग्नाचं संगीत नाटक. गोष्ट सगळ्यांना माहीत असते असं आपण धरून चालतो, पण आजच्या बैठकीत आठ मुलांपैकी सहा जणांना सुभद्रा ‘अभिमन्यूची आई’ एवढीच ठाऊक होती. उरलेल्या दोघांना तेही नाही. बरंच झालं. पुढं काय होणार हे माहीत नसलेला प्रेक्षक आम्हाला कुठून मिळायचा?

हॉल मिरजेतच मिळाला, रविवार सकाळ. पेटीवाले काका येतो म्हणाले, अट एकच : ‘ट्रॅकवर गाणं नाही.’ माझीही तीच अट होती.

एका ज्येष्ठ मित्रांचा फोन आला. ‘मुलांना झेपेल असं काहीतरी हलकंफुलकं कर की.’ हे हलकंफुलकं म्हणजे नेमकं काय ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ वाईट गाणी आणि सशाचे मुखवटे असा निघतो.

१९ जून

संहिता समोर घेऊन बसले. मूळ नाटक पाच अंकी, पदं, म्हणजे नाटकातली गाणी, शंभराहून अधिक. १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्याच्या पूर्णानंद नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी पहिले तीनच अंक केले, पाचही अंक रंगमंचावर आले ते मार्च १८८३ मध्ये. म्हणजे खुद्द कर्त्यालाही ते हप्त्यानं करावं लागलं. आम्हाला सव्वा तासात बसवायचंय. चौथी ते आठवीचा प्रेक्षक मध्यंतराशिवाय तेवढाच बसतो.

पहिला मोह होतो पदं उडवून गद्य ठेवायचा. त्यानं गोष्ट लवकर सरकेल असं वाटतं. मी उलटं करून पाहिलं : गद्य झाकून नुसती पदं ओळीनं वाचत गेले. गोष्ट जवळजवळ पूर्ण कळते! नारद ‘लग्नाला जातो मी द्वारकापुरा’ म्हणतो तेव्हा तो अर्जुनाला बातमी देत असतो. सुभद्रा ‘वद जाऊं कुणाला शरण’ म्हणते तेव्हा ती सखीला खरोखरच विचारत असते. ही गाणी प्रसंग थांबवून केलेली नाहीत, प्रसंगच गाण्यातून चाललाय.

किर्लोस्करांच्या आधीच्या पौराणिक खेळात सूत्रधार एका बाजूला उभा राहून सगळी पदं म्हणायचा आणि पात्रं मधे गद्य बोलायची, तेही बरंचसं आयत्या वेळचं. पारशी मंडळींचा संगीत खेळ पाहून अण्णासाहेबांच्या मनात आलं की हे मराठीतही करावं, आणि १८८० च्या ‘शाकुंतला’त त्यांनी पदं थेट पात्रांच्या तोंडी दिली. गाणारा तोच बोलणारा झाला. हे ध्यानात घेतलं की काटछाट कशी करायची ते आपोआप ठरतं. पदं ठेवायची, गद्य आवळायचं, आणि पदावर नंतरच्या शंभर वर्षांत चढलेली मैफल उतरवायची.

हेच या खेळाचं सूत्र. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय : पद म्हणजे बोलणं.

२८ जून

आवाज ऐकले. अपेक्षेपेक्षा जास्त मुलं आली, निम्म्यांना आयांनी ओढून आणलेलं.

चाचणीला राग, अलंकार काही विचारलं नाही. एक ओळ गद्यात म्हण, मग तीच ओळ गा, मग गाता गाता माझ्याकडे बघून म्हण. तिसऱ्या पायरीवर स्पर्धांत बक्षिसं मिळवलेली दोन मुलं अडखळली. डोळे मिटून हात हवेत फिरवत गायची सवय लागलेली. एक पाचवीतला मुलगा मात्र ‘लग्नाला जातो मी’ म्हणताना असा खट्याळ हसला की पेटीवाल्या काकांनी मान वर करून पाहिलं. नारद ठरला. सूर थोडा इकडंतिकडं आहे, तो आणू जागेवर.

सुभद्रा सातवीतली. गोल, मोकळा आवाज, उच्चार स्वच्छ. कृष्णासाठीही मुलगीच घेतली, ऐटीत उभी राहते. अर्जुन नववीतला, उंच, देखणा, आणि आवाज फुटायला लागलेला. काका म्हणाले, ‘अगं, हा नोव्हेंबरपर्यंत कुठं जाईल काय सांगावं?’ मी घेतलाच.

जुन्या कंपन्यांना हीच काळजी उलट्या बाजूनं असायची. बायकांची कामं करणारा स्त्रीपार्टी मुलगा मोठा होतोय, आता आवाज टिकतो की जातो? भाऊराव कोल्हटकर मोठे झाल्यावरही सुभद्रा गाजवत राहिले. केशवराव भोसल्यांनी तर लहान वयातच ‘शारदा’ नाटकातली शारदा अशी केली की पुढं ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची कंपनी काढायला निघाले तेव्हा त्यांचं वय १७-१८ होतं. आणि आमच्या मिरजेत १९०५ मध्ये नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, शकुंतला होऊन उभे राहिले, ते हंसप्रभा थिएटरात. त्याच जागी आजचं बालगंधर्व नाट्यमंदिर आहे. मुलांना सांगितलं तर सुभद्रेनं विचारलं, ‘म्हणजे त्यांच्याकडं मुलीच नव्हत्या?’ होत्या की. त्यांना उभं राहू देत नव्हते.

६ जुलै

पट्टीचा घोळ, आणि आजच तो सुटला.

सुभद्रा काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, आरामात गाते. अर्जुनाला काळी चार म्हणजे एकतर किंचाळायचं नाहीतर पाताळात जायचं. दोघांचे प्रवेश एकामागून एक, पदाला पद लागून. दर वेळी पट्टी बदलली तर काकांनी पेटीवर नवा षड्ज, म्हणजे सा, धरेपर्यंत रंगमंच मोकळा पडतो, आणि लहान मुलांसमोर तीन सेकंदांची मोकळी जागा म्हणजे आरडाओरडीला आमंत्रण.

काकांनी अर्जुनाला काळी एकवर आणलं. मग शांतपणे म्हणाले, ‘काळी एकचा पंचम कुठला?’ काळी चार! अर्जुनाचा पंचम (प) तोच सुभद्रेचा षड्ज. सुभद्रेचा मध्यम (म) तो अर्जुनाचा षड्ज. तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावली की तोच तानपुरा दोघांनाही चालतो. अर्जुनानं ओळ पंचमावर सोडायची, काकांनी तो स्वर दाबून ठेवायचा, आणि सुभद्रेनं त्यालाच आपला सा मानून उचलायचं. पहिल्याच खेपेला अंगावर काटा आला. मोठे गवई जुगलबंदीत ही युक्ती करतात, पण तेरा वर्षांच्या पोरीला ती सांगितल्या सांगितल्या समजावी याचं मला अप्रूप वाटलं.

अर्जुनाला तार षड्जाच्या, वरच्या सा च्या, आसपास जाऊ द्यायचं नाही. वर जाणाऱ्या जागा खाली वळवल्या. पंडितांनी येऊन ओरडावं, मी चहा देईन.

कृष्ण काळी चारमध्येच. नारद काळी पाच, पण तो एकटाच येतो नि जातो, त्यामुळं अडचण नाही.

१३ जुलै

आज पेटी बंद. टाळ्यांवर काम.

किर्लोस्करांनी चाली कुठून कुठून उचलल्या आहेत : कीर्तनातून, लावणीतून, बायकांच्या गाण्यांतून, कानडी पदांतून, हिंदुस्थानी चिजांतून. गुर्लहोसूरचा माणूस, दोन्ही भाषा घरच्या. साक्या, दिंड्या, कामदा ही तर सांगण्याचीच वृत्तं. मी मुलांना दिंडीच्या मात्रा मोजायला लावल्या. उदाहरण जुनंच, ‘कथा बोलू हे मधुर सुधाधारा’. ‘कथा बोलू हे’ नऊ, ‘मधुर सुधाधारा’ दहा. नवाच्या नंतर एक इवलीशी विश्रांती. ती विश्रांती सापडली की कुठलीही दिंडी आपोआप बोलल्यासारखी येते. बलरामानं, जो अभ्यासात मागं म्हणून वडील आधी पाठवत नव्हते, स्वतःच्या मनानं शाळेच्या बसवर दिंडी रचून म्हटली. मात्रा बिनचूक. काय ओळी होत्या त्या इथं लिहीत नाही, ड्रायव्हरकाकांचा मान राहू दे.

नियम केले. एका पदाला शक्यतो दोन मिनिटं. ध्रुवपद फिरून एकदाच. आलाप नाही, तान फक्त जिथं पात्राला राग किंवा आनंद आवरत नाही तिथं.

याच्यावर ज्येष्ठ मित्र पुन्हा गरजले. ‘दोन मिनिटांत नाट्यपद? रंग कधी भरायचा?’ जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची की. मोठमोठ्यांनी त्यात पदं बसवली आणि आपण अजून त्याच ऐकून मोठे झालो. रंग वेळेवर अवलंबून असता तर त्या तबकड्या केव्हाच विरून गेल्या असत्या. हे त्यांना म्हणाले नाही, इथं लिहिलं.

२७ जुलै

एका आईनं तालमीनंतर थांबून विचारलं, ‘ताई, मुलीला पळवून नेण्याची गोष्ट मुलांना दाखवायची का?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर मी घरी येऊन नीट शोधलं.

महाभारताच्या आदिपर्वात कृष्ण अर्जुनाला सांगतो की स्वयंवराचा भरवसा नाही, तू सरळ हरण कर. तिथं सुभद्रेला कुणी विचारल्याचं दिसत नाही. भागवताच्या दशम स्कंधात कथा वेगळी. बलरामाच्या मनात तिला दुर्योधनाला द्यायचंय, अर्जुन त्रिदंडी संन्याशाचा वेश घेऊन द्वारकेत येतो, आणि त्याला पाहून तिचंही मन जडतं. किर्लोस्करांनी हा दुसरा धागा उचलला आणि नाटक तिच्या बाजूनं लिहिलं. लग्न मोठ्या भावानं ठरवलंय, तिला ते नकोय, आणि घरात कुणी ऐकून घेत नाही. सातवी-आठवीच्या मुलींना हे समजावून सांगायची गरज पडत नाही.

म्हणून ‘वद जाऊं कुणाला शरण’ पूर्ण ठेवलं, एकही ओळ कापली नाही. सव्वा तासात एवढ्या एकाच पदाला हवा तेवढा वेळ. आणि शेवटच्या हरणाच्या प्रवेशात रथाचे लगाम सुभद्रेच्या हातात. हेही माझ्या पदरचं नाही, हरणानंतर सुभद्रेनंच रथ हाकला असं भागवताच्या परंपरेतल्या चित्रांत पाहिलंय. खरं-खोटं पंडित ठरवोत, रंगमंचावर छान दिसतं.

त्या आईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग हे तसंच नाटकात म्हणा की.’ नाही म्हणायचं. पदातच आहे.

१० ऑगस्ट

पाऊस. कृष्णेचं पाणी चढतंय, सांगलीवाडीकडची मुलं येऊ शकली नाहीत. तालीम रद्द.

३१ ऑगस्ट

गणपतीत कसली तालीम! नारद तीन मंडळांच्या आरत्यांना जाऊन घसा बसवून आलाय. दोन दिवस मौन सांगितलंय. नारदाला मौन.

७ सप्टेंबर

घटोत्कच.

सुभद्रेला उचलून अर्जुन असलेल्या अरण्यात आणून टाकणारा राक्षस. मोठ्यांच्या प्रयोगात हा प्रवेश बऱ्याचदा उरकतात. मुलांच्या प्रयोगात तोच कळसाचा, हे पहिल्या वाचनालाच दिसलं. ‘राक्षस कधी येणार?’ एवढंच विचारत होते सगळे.

सांगलीत बसून राक्षस कसा आणायचा हे बाहेरून शिकायची गरज नाही. इथंच ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या परंपरेतले राक्षस पेटत्या राळेच्या भडक्यात, आरोळ्या ठोकत यायचे, आणि पुढच्या शहाण्या पिढीनं त्या खेळांना ‘अललडुर्र’ म्हणून नाकं मुरडली. आमचा घटोत्कच नेमका ‘अललडुर्र!’ करतच येणार. राळ नाही अर्थात, अग्निशमनवाले आम्हालाच उचलून नेतील. विंगेतून नारिंगी जिलेटिनचा झोत, त्यात पावडरीचा डबा आपटायचा. तबल्याऐवजी पखवाज मागितला होता, मिळाला नाही. तबलावाल्या दादानं नुसत्या डग्ग्यावर असा घुमारा काढला की पखवाजाची आठवण राहिली नाही.

घटोत्कच आठवीतला, अंगानं आडवा, स्वभावानं गोगलगाय. सुभद्रेला उचलायचं म्हटल्यावर लाजून लाल. उचलणं काढूनच टाकलं. तो फक्त मोठी काळी शाल तिच्याभोवती फिरवतो, ती तिच्याआड जाते, आणि शाल पलीकडच्या विंगेत. आरोळी मात्र घरी सराव करून आलाय. शेजाऱ्यांनी चौकशी केली म्हणे.

१४ सप्टेंबर

‘प्रिये पहा’चा प्रकाश आज लावून पाहिला. अख्ख्या नाटकात मला सर्वात आवडलेलं काम हेच.

कृष्ण-रुक्मिणीची रात्र बोलण्यात सरलीय आणि कृष्ण तिला पहाट दाखवतो. पद म्हणजे प्रकाशयोजनेचा लिहून दिलेला आराखडाच आहे. ‘थंडगार वात सुटत’ला मागचा झिरझिरीत पडदा हलायला लागतो, विंगेत पुठ्ठा घेऊन दोघं वारा घालतात. ‘दीपतेज मंद होत’ला समईवरचा पिवळा झोत हळूहळू खाली. ‘दिग्वदने स्वच्छ करित’ला मागचा निळा फिकट होतो, आणि ‘अरुण पसरि निज महा’ला खालून तांबूस चढतं. पुढच्या कडव्यात ‘पक्षी मधुर शब्द करिति’. काम नसलेली सगळी मुलं विंगेत पक्षी झाली. साळुंकी, कोकीळ, बुलबुल वाटून दिलेत. कावळा कुणालाच दिला नव्हता, तरी एक होताच.

प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरवर सहावीतली मुलगी बसवली. तिला कुठली कळ कुठं फिरवायची हे लिहून दिलं नाही, पद पाठ करायला सांगितलं. शब्द कानावर आला की हात चालतो. लिहिलेल्या कागदावरून चालवणाऱ्या मोठ्या माणसाचा मेळ चुकतो, हिचा चुकत नाही. ‘निज महा’ म्हणजे आपलं तेज, एवढं तिला सांगावं लागलं. ‘विकसन ये जलरुहा’ तिचं तिनंच लावलं : ‘कमळं उमलतात ना?’ म्हणे जुनी भाषा मुलांना जड जाते! गायची असली की जात नाही.

२१ सप्टेंबर

तालमीला आलेल्या एका पालकांनी मोबाइलवर जर्मन ऑपेरा दाखवला, ग्रिम बंधूंच्या गोष्टीवरचा ‘हेन्सेल उंड ग्रेटेल’. हुम्परडिंकनं तो बहिणीसाठी, तिच्या मुलांच्या खेळापुरती चार गाणी करता करता वाढवत नेला, शब्द बहिणीचेच. २३ डिसेंबर १८९३ ला वायमारमध्ये पहिला प्रयोग, वाद्यवृंदाच्या पुढं रिचर्ड स्ट्राउस. तिकडं अजून नाताळात घरची मुलं घेऊन लोक तो बघायला जातात.

आमच्या पोरांना एका गोष्टीची गंमत वाटली. हेन्सेल आणि ग्रेटेल ही लहान भावंडं मोठ्या बायका गातात. आमच्याकडं मोठी माणसं लहान मुलं गातायत. दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. वाद्यवृंद भलामोठा, वाग्नरच्या हाताखाली काम केलेल्या माणसाचा. मुलांसाठी म्हणून त्यानं तो पातळ केलेला नाही. चाली मात्र अशा की ऐकता ऐकता तोंडात बसाव्यात. हलकंफुलकं म्हणणाऱ्या मित्रांना ही चित्रफीत पाठवली. उत्तर नाही.

२८ सप्टेंबर

कच्चा प्रयोग, एका शाळेच्या चौथी-पाचवीसमोर. वेश नाहीत, पडदे नाहीत, सतरंजीवर. मी खेळ पाहिला नाही, प्रेक्षकांकडं तोंड करून बसले आणि चुळबुळ कुठं होते ते लिहीत गेले.

नांदी : शांत. ‘पंचतुंड’ तशी शाकुंतलाची, पण सगळीकडे तीच म्हणतात, आम्हीही घेतली. एकत्र आवाजाचा धक्का बसतो.

सूत्रधाराचं प्रास्ताविक : चुळबुळ दुसऱ्या मिनिटाला.

नारदाची एन्ट्री : शांत, मग हसू. आणि मग ते झालं. नारदानं ‘लग्नाला जातो मी’ म्हणत लग्न कुणाचं ते सांगायला सुरुवात केली, अर्जुनाचा चेहरा पडला, आणि तिसऱ्या रांगेतला एक चष्मेवाला मुलगा उभा राहून ओरडला, ‘अरे त्याला सांगू नको!’ बाई त्याला खाली बसवायला धावल्या. मी हातानं त्यांना थांबवलं. नारद काही क्षण गांगरला, मग त्या मुलाकडं बघून, पट्टी न सोडता, पुढची ओळ त्यालाच उद्देशून गायला. माझ्या वहीच्या पहिल्या पानावरचं वाक्य या पोराला माझ्यापेक्षा जास्त कळलंय.

अर्जुनाचं विरहाचं पद : चुळबुळ. चांगलं गायला, तरी. तीन कडवी आहेत आणि दुसऱ्या कडव्यात तो पहिल्याचंच पुन्हा सांगतो.

घटोत्कच : मागच्या रांगा बाकांवर चढल्या. दोघं रडली. एकाला बाहेर नेलं, पण तो आरोळी संपायच्या आत परत आला.

बलरामाचं रागावणं : खदखदून हसले. बलराम दुखावला. त्याला समजावलं की मोठ्या भावाचं रागावणं त्यांनी रोज पाहिलेलं असतं, म्हणून हसले.

संन्याशाची सेवा : फार लांबतं. संन्यासी म्हणजेच अर्जुन हे प्रेक्षकाला माहीत, सुभद्रेला नाही. ही गंमत दहाव्या वर्षाला कळते, पण एकदाच पुरते.

२९ सप्टेंबर

सूत्रधाराचं प्रास्ताविक काढलं. नांदीनंतर थेट नारद. अर्जुनाचं पद एका कडव्याचं. संन्याशाचे दोन प्रवेश जोडून एक.

मुलांनी ओरडायचं का? मंडळींत वाद झाला. मी म्हणते, ओरडू दे. पूर्वीचा संगीत नाटकाचा प्रेक्षक काय हात बांधून बसायचा? वन्स मोअर कुणी शोधला? फक्त आपण आपल्या पात्रांना तयार ठेवायचं. आज अर्धा तास हाच खेळ खेळलो : एकानं गायचं, बाकीच्यांनी प्रेक्षक होऊन काहीबाही ओरडायचं, गाणाऱ्यानं पद न तोडता उत्तर चेहऱ्यानं द्यायचं. सुभद्रा सगळ्यांत पक्की निघाली. तिला ‘पळून जा!’ ओरडले, तिनं भुवई उडवली आणि समेवर आली.

वन्स मोअरचा नियम : पूर्ण प्रयोगात एक, आणि तो काका ठरवणार.

१२ ऑक्टोबर

सहामाही परीक्षा. वही बंद.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत लागोपाठ तालमी. अर्जुनाचा आवाज खाली उतरून स्थिरावलाय, काळी एकसुद्धा आता त्याला जरा उंच. काका पांढरी सातवर न्यायला तयार नाहीत, कारण मग पंचमाची युक्ती मोडते. सुभद्रेला विचारलं. ती म्हणाली, ‘तोच खालच्या जागा घेऊ दे, मी नाही हलणार.’ नाटकात आणि बाहेर तिचंच चालतं. अर्जुनाच्या दोन जागा आणखी खाली वळवल्या.

पायपेटीचा भाता फाटलाय. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांनी बघून दिला. तंतुवाद्यांचे ते, पण चामडं चिकटवायचं काम म्हणून केलं. पैसे घेतले नाहीत, तिकिटं मागितली. घरात नातवंडं भरपूर.

पडदे रंगवलेले मिळाले, एका बंद पडलेल्या मंडळाचे. बाग, राजवाडा, अरण्य. राजवाड्याच्या खांबाला घडीचा चरा पडलाय, त्याच्यासमोर बलरामाला उभं करायचं. अरण्य मात्र सुंदर आहे. वडाच्या पारंब्यांत चितारणाऱ्यानं एक माकड लपवलंय, मुलांनीच शोधलं.

ज्यांच्याकडून ध्वनियंत्रणा ठरवली होती त्यांनी आज फोन करून लग्नाचं काम मिळाल्याचं कळवलं. लग्नाला जातो मी. दुसरे बघतोय. कॉलर माइक घेणारच नव्हतो, खाली तीन आणि वर टांगून दोन. कॉलर माइकमध्ये कुजबुजून गायलं तरी चालतं, मग मुलं बोलायची विसरतात.

१ नोव्हेंबर

रंगीत तालीम. सव्वा तास म्हणता म्हणता तासाला वर पंचवीस मिनिटं झाली. गद्य वाढलंय, सगळे आपापली एक एक वाक्यं घालतायत. कृष्ण सगळ्यांत जास्त. कात्री घेऊन बसले. सुभद्रेच्या पदाला हात लावला नाही.

मुकुट मोठे. कापूस भरला.

९ नोव्हेंबर

प्रयोग झाला. हॉल भरला, मागं पालक उभे.

पडदा उघडल्यावर अरण्यातलं माकड पहिल्या रांगेनं अर्ध्या मिनिटात शोधलं आणि नांदीभर बोटं दाखवत राहिले. ‘प्रिये पहा’ला विंगेतले पक्षी जरा जास्तच उठले, पण प्रकाश नेमका. अरुणाला टाळ्या पडल्या, कृष्णाला वाटलं त्या आपल्याला. घटोत्कचाला पाहून कुणी रडलं नाही, कारण पोरांनीच परत ‘अललडुर्र!’ केलं, सगळ्या हॉलनं. तो बिचारा दचकून एक पाऊल मागं गेला, आणि त्यावर हशा असा पिकला की डग्ग्याला थांबावं लागलं.

वन्स मोअर काकांनी ‘वद जाऊं’ला दिला. मला वाटलं होतं नारदाला देतील. सुभद्रेनं दुसऱ्या खेपेला पद वेगळं गायलं. पहिल्यांदा सखीला विचारलं होतं, या वेळी पुढं येऊन समोरच्या पोरांनाच विचारलं. समोरून उत्तरं आली. ‘कृष्णाला सांग!’ ‘पोलिसांना!’ आणि एका मुलीचा बारीक पण स्पष्ट आवाज : ‘दादाला सरळ नाही म्हण.’

ज्येष्ठ मित्र आले होते. बाहेर भेटले. ‘ताना फार कमी घेतल्यास,’ म्हणाले. मग, ‘पण नातीनं एकदाही मोबाइल मागितला नाही.’

१० नोव्हेंबर

हिशेब लिहायचा आहे. ध्वनीवाल्यांचं देणं बाकी.

पुढचा प्रयोग हरिपूरला करू म्हणतायत, संगमाजवळ उघड्यावर. उघड्यावर पहाटेचा प्रकाश लागणार नाही, ‘प्रिये पहा’साठी खरंच पहाटेचा खेळ लावायचा का, असं डिमरवाल्या मुलीनं विचारलंय. काका हो म्हणालेत. पेटी टेम्पोतून न्यायची तर भात्याला आधी गोणपाट गुंडाळावं लागेल. अर्जुनासाठी नवा मुलगा बघायला लागायचं, हा दहावीत जातोय. उंच नसला तरी चालेल.